काळा पट्टा कपाटात

"याआधी काही शिकला आहात का?" केंडोच्या पहिल्या दिवशी सेन्सेईंनी विचारलं. खरं सांगायचं तर मी या प्रश्नाची वाटच बघत होते. "कराटे. पंचवीस वर्षं. ब्लॅक बेल्ट आहे," मी शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणाले. सत्तरीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीच्या त्या बाईंनी "असं का, छान," म्हणून मान डोलावली आणि सात-आठ वर्षांच्या तीन पोरांच्या रांगेत मला चौथी उभी केली. त्या दिवशीचा धडा होता चालण्याचा. हो, नुसतं चालायचं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, तासभर. आणि माझ्या पुढचं आठ वर्षांचं पोरगं माझ्यापेक्षा चांगलं चालत होतं!

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१२ साली आम्ही टोकियोला आलो आणि एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाईत राहायला लागलो. २००० सालाच्या आसपास भारतातून आलेले कॉम्प्युटर इंजिनिअर या भागात घरं घेऊन राहू लागले. त्यामुळे इथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकाही आहेत. करमत नाही म्हणायला जागा नव्हती. तरी मला करमत नव्हतं. पुण्यात मी आठवड्यातले चार दिवस मुलींना कराटे शिकवायचे. तिथे मी 'मॅडम' होते. इथे कुणाची तरी आई आणि कुणाची तरी बायको.

हातात काही घेऊन लढण्याची ओळख मात्र कराटेच्याही आधीची. आजोबा कोल्हापूरचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत परसात त्यांनी माझ्या हातात लाठी दिली. मर्दानी खेळातले सुरुवातीचे हात त्यांनीच शिकवले. नावात 'मर्दानी' असलं तरी नातीला शिकवताना त्यांना ते कधी आडवं आलं नाही. "पोरी, काठी हातात नाचायला पाहिजे, तू काठीच्या मागं नाचू नको," असं म्हणायचे. तो सगळा आनंदाचा मामला होता.

कराटे आनंदातून सुरू झालं नाही. १९८७ सालची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. शाळेतून येताना गर्दीच्या सिटी बसमध्ये एका माणसानं… तपशील सांगत नाही, तुमच्यापैकी बहुतेकींना तो ठाऊक आहे. मी घरी येऊन आईला सांगितलं, आईनं बाबांना. त्यावर घरात पुन्हा एक शब्द निघाला नाही. पुढच्या रविवारी बाबांनी स्कूटर काढली आणि मला कराटेच्या क्लासला नेऊन नाव घातलं. तो पांढरा ड्रेस म्हणजेच आमच्या घरातलं त्या विषयावरचं सगळं बोलणं!

कराटेनं मला खूप दिलं. ताठ उभं राहायला शिकवलं, डोळ्यांत बघायला शिकवलं. पुढे मी मुलींना शिकवायला लागले तेव्हा माझं शिकवणं ठरलेलं असे. अंतर ठेवा. हात येताना दिसला की सरका. एक फटका द्या, मागे व्हा, ओरडा आणि पळा. माझ्या पद्धतीच्या कराटेत सरावातला ठोसा समोरच्याच्या अंगाला लागू द्यायचा नसे, बोटभर अंतरावर थांबवायचा. जितका जोरात मारून जितका जवळ थांबवाल तितकं तुमचं कसब मोठं. माझा हात या बाबतीत इतका पक्का होता की मुली डोळे मिटायच्या, पण त्यांच्या नाकाला कधी धक्का लागला नाही.

आता केंडोकडे. २०१२ पासून जपानमधल्या माध्यमिक शाळांत पी.टी.च्या तासाला बुदो, म्हणजे जपानी युद्धकलांपैकी काहीतरी, सक्तीचं झालं. ज्युडो, केंडो, सुमो असं शाळेप्रमाणे काही असतं. आमच्या चिरंजीवांच्या शाळेत केंडो होतं. २०१६ साली तो मोठ्या उत्साहानं शाळेच्या केंडो क्लबात गेला आणि पुढच्या वर्षी तितक्याच उत्साहानं बास्केटबॉलमध्ये. त्याची शिनाई, म्हणजे बांबूची सरावाची तलवार, दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये येऊन पडली. येता-जाता ती मला दिसायची. एके दिवशी घरी कुणी नसताना मी ती उचलून लाठीसारखी फिरवून बघितली. हॉलमधला दिवा थोडक्यात वाचला.

वॉर्डाच्या क्रीडाकेंद्रात चौकशीला गेले तर काउंटरवरचा माणूस मला बघून अदबीनं म्हणाला, "नागिनाता?" मला वाटलं, नागीण वगैरे काही म्हणतोय की काय! नागिनाता म्हणजे लांब दांड्याला वाकडं पातं लावलेलं हत्यार. जपानमध्ये बऱ्याच काळापासून ती बायकांची कला समजली जाते. विसाव्या शतकात मुलींच्या शाळांतून ती शिकवली जायची. मी म्हटलं, "नाही हो, केंडो." त्यानं तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. पोराची शिनाई मला आखूड पडली, हेही तिथेच कळलं. माध्यमिक शाळेतल्या मुलांची ११४ सेंटिमीटरपर्यंत असते, मोठ्यांची १२०. वजन बायकांच्या शिनाईचं निदान ४४० ग्रॅम, पुरुषांच्या शिनाईचं ५१०. म्हणजे अर्ध्या किलोच्या आतबाहेरचीच गोष्ट. पण ती तीनशे वेळा डोक्यावरून पुढे आणून बघा!

पंचवीस वर्षांचं शिक्षण किती आड येऊ शकतं हे मला पुढच्या सहा महिन्यांत समजलं. माझ्या कराटेतला पवित्रा लांब आणि खाली बसलेला, पुढचा गुडघा वाकलेला, दोन्ही टाचा जमिनीत रोवलेल्या. केंडोत पावलं जवळजवळ समांतर, उजवं पुढे, डावं मागे आणि डावी टाच किंचित उचललेली. चालायचं ते पाय न उचलता, लाकडी जमिनीवर घासत. माझी टाच काही केल्या उचलली जाईना. सेन्सेई येऊन माझ्या टाचेखाली घडी घातलेला कागद सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हा काढून घेता आला पाहिजे." तो नेहमी फाटायचा.

हातांचंही तेच. कराटेत माझी मिजास उजव्या हातावर. केंडोत ताकद डाव्या हाताची. डावा हात मुठीच्या शेवटी, आणि पकड करंगळी-अनामिकेची. उजव्या हातानं फक्त दिशा द्यायची. लाठी फिरवून मनगटं मोकळी झाली होती, पण त्या मोकळ्या मनगटांमुळे माझी तलवार वेडीवाकडी जायची. आजोबांचे हात विसरायचे, क्लासचे पाय विसरायचे. "तुमच्याकडे सामान फार आहे," एकदा सेन्सेई हसून म्हणाल्या. त्या ज्या मुलांबरोबर मला उभं करत, त्यांच्याकडे काहीच सामान नव्हतं. ती भराभर पुढे गेली.

एक गोष्ट मात्र जमली. बसणं! तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी गुडघे मुडपून बसतात, डोळे मिटून मन शांत करतात. त्याला ते सेइझा म्हणतात, आपण वज्रासन. बाकीच्या नवख्यांचे पाय बधीर व्हायचे. मी मात्र आरामात.

आणखी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात डोळ्यांत भरली. केंडोत पट्टा नसतो. कराटेत पांढरा, पिवळा, हिरवा असं करत काळ्यावर जायचं. कोण किती पाण्यात ते लांबून कळतं. इथे दर्जे आहेत, परीक्षाही आहेत. सर्वांत वरच्या आठव्या दानच्या परीक्षेला वयाची ४६ वर्षं पूर्ण लागतात, सातवा दान मिळून दहा वर्षं व्हावी लागतात आणि एवढं करून शंभरातला एखादाच कसाबसा पास होतो. पण हे सगळं कागदावर. अंगावर सगळ्यांच्याच निळी जाकिटं आणि घोळदार हाकामा. कमरेवर, पोटाखाली, आडनावाची कापडी पाटी. माझं आडनाव जपानी लिपीत लिहिताना त्यातल्या 'ळ'चा 'र' झाला. पट्टा गेला, मॅडम गेली, आडनावातला 'ळ'सुद्धा गेला!

वजनी गटही नाहीत. ज्युडोत, कराटेत समोर साधारण आपल्या वजनाचा माणूस येतो. इथे रोजच्या सरावाला साठीचे आजोबा, पोलिसातला धिप्पाड जवान, कॉलेजची पोरगी, मी, सगळे आळीपाळीनं एकमेकांसमोर. नवल म्हणजे त्यात सत्तरीच्या सेन्सेईच सगळ्यांना भारी पडतात. त्या फारशा हलत नाहीत. समोरचा हलायचं ठरवतो त्या क्षणी त्यांची शिनाई त्याच्या डोक्यावर असते.

जपानी लोक तलवारीचा सराव आधी लाकडी तलवारीनं करायचे, त्यात हाडं मोडायची. अठराव्या शतकात शिनाई आणि चिलखतासारखी साधनं वापरात आली आणि पूर्ण ताकदीनं मारून शिकणं शक्य झालं. डोक्याला जाळीचं 'मेन', हातांना जाड 'कोते', छातीपोटाला 'दो' आणि कमरेला 'तारे'. दुसऱ्या महायुद्धानंतर केंडोवर बंदी आली. १९५२ साली अखिल जपान केंडो महासंघ स्थापन झाला आणि पुढच्या वर्षापासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९६२ साली. नऊ वर्षांचं हे अंतर बघून मला गंमत वाटली नाही, ओळखीचं वाटलं.

सहा महिन्यांनी मला डोजोतला एक जुना बोगू, म्हणजे हा सगळा सरंजाम, उसना मिळाला. त्या कोत्यांची नीळ हातांना लागते. दोन दिवस जात नाही. मी त्या निळ्या बोटांनी कणीक मळायला बसले की नवरा म्हणायचा, "अगं, आज पोळ्या कृष्णवर्णी का?" आणि वास! शेकडो लोकांच्या घामाचा वास त्या मेनमध्ये मुरलेला असतो. पण ते डोक्यावर बांधलं की आतला जो अंधार असतो, जाळीतून जेवढं दिसतं तेवढंच जग, ते मला आवडायला लागलं.

खरी पंचाईत इथून पुढे. केंडोत फटका मारून थांबायचं नसतं. "मेन!" असं ओरडत समोरच्याच्या डोक्यावर मारायचं आणि त्याच वेगात त्याच्या अंगावरून पुढे निघून जायचं. मग लांब जाऊन वळायचं आणि पुन्हा तलवार रोखायची. मन, तलवार आणि शरीर तिन्ही एकाच क्षणी पोहोचली तरच तो फटका धरतात. जिथे मारताय त्या जागेचं नाव ओरडायचं. चोरून मारलेलं चालत नाही. आणि जिंकल्यावर मुठी उंचावल्यात तर मिळालेला गुणसुद्धा काढून घेतात.

मी मारायचे. आवाजही यायचा. पण शेवटच्या क्षणी माझं अंग थांबायचं. शिनाई डोक्यावर जेमतेम टेकायची आणि पाय आपोआप मागे सरकायचे. पंचवीस वर्षांची सवय. मी सेन्सेईंना तेच कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा हात थांबायच्या आधी आवाज थांबतो. आणि आवाजाच्या आधी आणखी काहीतरी थांबतं." मी घरी जाऊन त्याचा खूप विचार केला आणि मग विचार करायचं सोडून दिलं.

२०१९ च्या शरद ऋतूत मी शोदानच्या, म्हणजे पहिल्या दानच्या परीक्षेला बसले. दोन जणांबरोबर मिनिट-मिनिटभराची लढत, मग काता, शिवाय जपानीतून लेखी उत्तरं. लढत संपली की पास झालेल्यांचे नंबर भिंतीवर लावतात. मिसरूड फुटायला लागलेला एक मुलगा कातासाठी पुढे गेला. माझा नंबर नव्हता. एका परीक्षकांनी जाता जाता सांगितलं, "फार चांगला बचाव करता तुम्ही." त्यांना कौतुकच करायचं होतं. ते मला थपडेसारखं लागलं.

केंडोत चार दोष टाळायला सांगतात. दचकणं, भीती, शंका आणि गोंधळ. लेखी परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते. दुसऱ्या दोषाचं जपानी अक्षर वहीत वीस वेळा गिरवलं होतं. ते माझ्याबद्दल असेल असं मनातही आलं नव्हतं. मी कशाला घाबरते? मी तर दीडएकशे मुलींना न घाबरायला शिकवलंय!

त्या रात्री पुण्याला आईला फोन केला. नापास झाल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, या वयात कशाला ती मारामारी? गुडघे सांभाळ." मग काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आई, तुला ती बस आठवते?" बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाली, "तुझे बाबा त्या रात्री झोपले नव्हते. पोरीला भीती वाटता कामा नये, एवढंच म्हणत होते. पण तुला भीती वाटते का, हे आम्ही दोघांनीही विचारलंच नाही गं." बाबा आता नाहीत. मी फोन ठेवला आणि चाळिशी उलटलेली बाई स्वयंपाकघरात बसून चौदा वर्षांच्या पोरीसारखी रडले.

मला कराटेला दोष द्यायचा नाही. त्याच्याशिवाय मी घराबाहेर पडले नसते. पण माझं सगळं कराटे त्या बसमध्ये उभं होतं. कुणीतरी अंगावर येणार, आपण वाचायचं, अंतर ठेवायचं. ते इतकं सफाईदार झालं होतं की त्याला भीती म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. केंडोत अंतर मोडून आपणच पुढे जायचं असतं. मारायला हात वर केला की आपलं पोट, आपले हात उघडे पडतात. मार बसू शकतो हे मान्य करूनच पाऊल टाकावं लागतं.

मग २०२० साल आलं. डोजो बंद. मी रोज सकाळी आराकावा नदीच्या काठी जाऊन शिनाई फिरवायचे. समोर कुणी नाही, नुसतं पाणी आणि पलीकडचा पूल. "मेन!" म्हणून ओरडायला सुरुवात केली तेव्हा कुत्री फिरवायला आलेली माणसं वळून बघायची. हळूहळू तीही सरावली. ओरडणं फटक्याबरोबर न संपवता पुढे दहा पावलं न्यायचं, एवढं एकच काम मी वर्षभर केलं.

डोजो उघडला तेव्हा सगळ्यांनी मेनच्या आत मास्क लावलेले. पहिल्याच आठवड्यात सेन्सेई समोर आल्या. मी तलवार उचलली, ओरडले आणि निघाले. त्यांनी शांतपणे माझ्या उघड्या पडलेल्या कुशीवर 'दो'चा असा फटका मारला की सगळ्या हॉलमध्ये टाळीसारखा घुमला. पण मी थांबले नव्हते! त्यांच्या शेजारून निघून भिंतीपर्यंत गेले होते. वळले तर त्या जाळीच्या आतून हसत होत्या. "आत्ता आलात," म्हणाल्या. मी वाकून त्यांचे आभार मानले. केंडोत ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याचे आभार मानायचे असतात. तोवर ते मी शिष्टाचार म्हणून करायचे.

२०२२ साली शोदान मिळाला. पट्टा नाही, काही नाही. एक कागद. तो आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिला एक अक्षर वाचता आलं नाही, पण तिनं तो सगळ्या नातेवाइकांना पुढे पाठवला.

मागे पुण्याला गेले तेव्हा माझ्या जुन्या मुली भेटायला आल्या होत्या. आता एकेक जण पस्तिशीची, पोराबाळांची. एकीनं विचारलं, "मॅडम, पण रस्त्यावर कुणी तलवार घेऊन फिरत नाही. त्या केंडोचा उपयोग काय?" प्रश्न बरोबर होता. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. मग विचार बदलला आणि रविवारच्या पेपराची घट्ट गुंडाळी करून तिच्या हातात दिली. म्हटलं, "माझ्या डोक्यात घाल आणि थेट दारापर्यंत जा." ती माझी सर्वांत तयार विद्यार्थिनी. जोरात आली. पेपर माझ्या कपाळापासून बरोबर बोटभर अंतरावर थांबला आणि ती झटकन दोन पावलं मागे गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र गलबलून आलं. हे मीच शिकवलं होतं तिला.

"पुन्हा," मी म्हटलं.

चौथ्या खेपेला पेपर माझ्या डोक्यावर सणसणीत बसला आणि ती ओरडत दारापर्यंत गेली. जिन्यातल्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. "सॉरी सॉरी मॅडम! लागलं का?" पोरगी धावत परत आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळे नुसते चमकत होते. मी डोकं चोळत तिला वाकून नमस्कार केला.